अर्धं बोललेलं

दादांचा मोबाइल ज्वारीच्या डब्यावर थरथरला आणि डब्याचं पत्र्याचं झाकण बारीक किणकिणत राहिलं. दुपारचे सव्वादोन झाले होते. त्याआधी घरात इतकी शांतता होती की मागच्या दोरीवरच्या माझ्या लेकीच्या, प्रियूच्या, फ्रॉकमधून ठिबकणारं पाणी मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. आमच्या क्वार्टरमध्ये मोबाइलला रेंज त्या डब्यावरच मिळते, म्हणून आल्यागेल्या प्रत्येकाचा फोन तिथंच असतो. दादा, म्हणजे माझे सासरे, पडल्या जागेवरून उठून बसले. मधल्या खोलीत आई, म्हणजे सासूबाई, लसूण सोलत होत्या, त्यांचा हात थांबला. माझं पेन वहीवर टेकलेलं तसंच राहिलं आणि त्याच्याखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. दादांनी चष्मा न लावता मोबाइल हातभर लांब धरून पाहिला आणि परत डब्यावर ठेवला. कंपनीचा मेसेज. लसणाची सालं पुन्हा कुरकुरायला लागली. पाच दिवस झाले हे असं चाललंय. शहागडच्या पाहुण्यांचा फोन यायचाय. तो आला नाही तर माझ्या एका वाक्यामुळे आला नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला तसं अजून कुणी म्हटलेलं नाही.

प्रियू झोपलीय तोवर मला तीनशे शब्द लिहायचेत. उद्या रविवार, उद्या वही द्यायची. वर लिहिलंय, ‘संवाद कौशल्ये, अनुभव-नोंद’, आणि खाली चार ओळी आहेत, त्यातल्या दोन खोडलेल्या. बी.ए.चा बहिःस्थ अर्ज भरला तेव्हा हा विषय नावापुरता असेल असं मला वाटलं होतं. नाजिया मॅडमनी पहिल्याच रविवारी तो समज काढून टाकला. जालन्याच्या कॉलेजातली ती खोली, पंख्याला लागलेली जाळी, आम्ही एकवीस जण, त्यात एक पोलीस, दोन अंगणवाडीच्या बाया, एक माझ्यासारखीच लेकरू घरी ठेवून आलेली. मॅडम म्हणाल्या, तुमच्या घरात सगळ्यात कमी कोण बोलतं त्याचं नाव चिठ्ठीवर लिहा. मी विचारसुद्धा न करता माझं लिहिलं, तृप्ती. मग दोन मिनिटं उभं राहून कशावरही बोलायचं होतं. मी आमच्या साखर कारखान्याच्या काजळीवर बोलले. गाळपाचा सीझन सुरू झाला की चिमणीतून काळी भुरभुर पडते आणि आम्हा कॉलनीतल्या बाया सकाळी आधी पायरीवर बोट फिरवून बघतो. काजळी पायरीच्या कोणत्या बाजूला साचलीय त्यावरून वाऱ्याचं कळतं, आणि मग त्या दिवशी कपडे पुढं वाळवायचे की मागं ते ठरतं. एवढंच. पण बोलून खाली बसले तेव्हा कानांत गरम वाटत होतं आणि पोलीस म्हणाला, मॅडम, हे तर आम्हाला पण म्हाईत नव्हतं. परतीच्या एसटीत अंबडपर्यंत मी खिडकीत उगाच हसत होते. त्या दिवसापासून मला काहीतरी मिळालं हे खोटं नाही. प्रियूच्या डॉक्टरांना मी विचारलं, हे औषध कशाचं आहे, किती दिवस द्यायचं, नाही दिलं तर काय होईल. त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं. माझा आवाज मला थोडा थोडा ओळखीचा होत चालला होता. रोज अंगण झाडताना एखादं जुनं नाणं सापडावं आणि ते आपल्याच ओच्यातून पडलेलं असावं तसं.

या बी.ए.च्या अर्जाचीही एक गोष्ट आहे. लग्नानंतर सहा वर्षांनी मी दादांना विचारलं होतं, पुढं शिकू का. ते वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, ‘बघू.’ मी आठ दिवस तो शब्द तोंडात घोळवला. त्यात होय नव्हतं, पण नाहीसुद्धा नव्हतं. नवव्या दिवशी मी अर्ज भरला. कुणी काही विचारलं नाही. वर्षभर माझं शिक्षण त्या ‘बघू’च्या आडोशाला वाढत राहिलं. हे मला तेव्हा कळत होतं की नव्हतं, आता सांगता येत नाही. हे मी वहीत लिहिलं नाही.

गेल्या रविवारी मॅडमनी शिकवलं ते असं, की समोरचा बोलला ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं आणि शेवटी विचारायचं, मी बरोबर समजले ना? त्यानं निम्मे गैरसमज तिथंच मिटतात. मग म्हणाल्या, या आठवड्यात हे घरात एकदा वापरून बघा, काय झालं ते लिहून आणा, वीस गुण आहेत. परत येताना मी एसटीत मनातल्या मनात सगळ्यांची वाक्यं फिरवून पाहिली. आईंचं, नवऱ्याचं म्हणजे सोमेश्वरचं, भाजीवाल्या भिवाचंसुद्धा. म्हणजे भिवाभाऊ, मेथी उद्या येईल असं तुमचं म्हणणं आहे. मला हसू येत होतं. आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, साक्षीताईंची बैठक होती.

साक्षीताई माझी नणंद. चोवीस वर्षांची, अंबडला खाजगी दवाखान्यात नर्स. सकाळी साडेसातच्या जीपनं जाते, चारच्या पुढं येते. माझ्याहून लहान, पण मी तिला ताईच म्हणते. ती बोलते कमी, चिठ्ठीवर मी माझं नाव लिहिलं खरं, पण ती माझ्याहूनही कमी. प्रियू दीड वर्षाची असताना जुलाबांनी इतकी सुकली की दवाखान्यात कुणाला तिची शीर सापडेना. तीनदा टोचून झालं होतं. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. साक्षीताई ड्यूटी बदलून आली, प्रियूचा तळहात आपल्या तळहातावर घेतला आणि अंगठ्यानं नुसता चोळत राहिली, बराच वेळ, काही न बोलता, आणि मग एकदाच सुई घातली. प्रियू रडलीसुद्धा नाही. शहागडचा मुलगा हरिओम तिला पाहून गेला होता, दोन्हीकडून पसंती कळली होती. महामार्गावर त्यांचं टायरचं मोठं दुकान आहे, मागं शेती. आता उरली होती ती मोठ्या माणसांची बोलणी.

बैठकीत काय बोलायचं हे आमच्याकडं ठरलेलंच असतं. पुरुष सतरंजीवर. बाया आत, दाराच्या आड, पण सगळं ऐकू येईल इतक्या जवळ. सुनेनं चहा न्यायचा, ट्रे फिरवायचा आणि मागच्या पावली परत यायचं. हरिओमचे चुलते, रामप्रसाद काका, बोलण्यात मुरलेले. पाऊस, ऊस, रस्त्याचं काम, असं सगळीकडून फिरत ते मुद्द्याजवळ येत होते आणि मुद्द्याला हात न लावता पुढं जात होते. मी त्यांच्या पुढ्यात ट्रे धरला तेव्हा ते दादांना म्हणत होते, ‘आमच्याकडं कशाची कमी न्हाई, मच्छिंद्रराव. घरातल्या लेकीबाळींना उन्हातान्हात जीपमागं पळायची गरज पडत न्हाई.’ दादा म्हणाले, ‘ते बराबर हाये.’ सोमेश्वरनं मान हलवली. सतरंजीवरच्या पाचही माणसांना कळलं होतं की काय म्हटलं गेलं, आणि पाचही माणसं ते जिथं पडलं तिथंच ठेवून पुढं निघाली होती. कप उचलताना काकांचं बोट ट्रेवर वाजलं. मी वाकलेली होते. सरळ होताना माझी नजर आतल्या दाराकडं गेली. पडद्याच्या फटीत साक्षीताई होती. ती माझ्याकडं बघत होती.

त्या बघण्यावर मी पाच दिवस अडकले आहे. मॅडम म्हणतात, शब्दांपेक्षा चेहरा जास्त बोलतो, डोळे, भुवया, मान, सगळं वाचायला शिका. मी वाचलं. मला त्यात लिहिलेलं दिसलं, वहिनी, विचारा. आता ते मी पुन्हा पुन्हा काढून बघते आणि दर वेळी त्यात वेगळं दिसतं. कधी वाटतं डोळे मोठे झाले होते ते आशेनं. कधी वाटतं ती मला ओळखून होती, मी काय करणार हे तिला माझ्या पाठीवरूनच कळलं होतं, आणि ते डोळे सांगत होते, नको. कधी वाटतं ती माझ्याकडं बघतच नव्हती, माझ्यामागच्या काकांकडं बघत होती. भाकरी थापताना, प्रियूची वेणी घालताना तो पडदा हलतो. आणि मग त्याहून वाईट विचार येतो, की त्या क्षणी तिचं मला काही पडलंच नव्हतं. हे तर हुबेहूब कालच्या तासासारखं आहे, आता नाही बोलले तर वहीत काय लिहू, एवढंच आलं होतं का माझ्या मनात? आलं होतं. किती आलं होतं ते मोजता येत नाही, पण आलं होतं. मी ट्रे छातीशी धरून म्हणाले, ‘म्हणजे काका, लग्नानंतर साक्षीताईंनी नोकरी करू नये असं तुमचं म्हणणं आहे. मी बरोबर समजले ना?’

आवाज छान लागला होता. तेच तर. कापला नाही, उंच गेला नाही, मॅडमनी सांगितला तसा. कुणीतरी चहाचा घोट घेतला तो मला ऐकू आला. दादा सतरंजीची दशी ओढत राहिले. रामप्रसाद काकांनी माझ्याकडं पाहिलं, आधी पायांकडं, मग चेहऱ्याकडं, आणि हसले. म्हणाले, ‘सूनबाई शिकून राह्यल्या वाटतं.’ मग उत्तर दादांना दिलं, की घरी जाऊन बसतो, विचार करतो, कळवतो. गाडी निघून गेली तरी सोमेश्वर फाटकापाशी उभा होता. दुसऱ्या शिफ्टला जायला तो बूट घालत होता तेव्हा मी जवळ जाऊन उभी राहिले. तो लेस बांधत खाली बघूनच ‘कशाला पण, तृप्ती,’ म्हणाला आणि गेला. रागावला असता तर मला बाजू मांडता आली असती.

आई मात्र बोलल्या. मंगळवारी, आम्ही दोघी शेंगा फोडत होतो तेव्हा. माझ्याकडं न बघता, शेंगांशी बोलल्यासारखं. त्या म्हणाल्या, त्यांच्या बैठकीतसुद्धा असंच झालं होतं. त्यांच्या सासऱ्यांनी म्हटलं होतं, आमच्या घरच्या बाया उंबऱ्याच्या आत शोभतात. ‘माझ्या बापानं मान हलवली. कुणी म्हनलं न्हाई, की म्हंजे आमच्या गिरिजानं भायेर जायचं न्हाई का म्हनून. मंग मी तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत मदतनीस लागले. एकदा सासरे म्हनले, हे काय? मी म्हनलं, शाळा तर आपल्या उंबऱ्यासमोरच हाये. गप बसले. बावीस वर्सं केलं, तृप्ती, बावीस.’ मग एक किडकी शेंग बाजूला टाकून म्हणाल्या, ‘पुरं बोललेल्या शब्दाला मागं फिरता येत न्हाई. त्यांना पन आन् आपल्याला पन.’ मी म्हणाले, पण आई, नंतर भांडण झालं असतं तर? त्या म्हणाल्या, ‘झालं असतं. केलं असतं साक्षीनं काय ते. येतं की तिला.’ मला वाटलं हे चूक आहे, हा जुन्या बायांचा भित्रेपणा आहे, असं लपूनछपून मिळवलेलं काय कामाचं. मी हे मनात ठासून म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला दादांचं ते ‘बघू’ आठवलं आणि शेंग फुटता फुटेना.

दारातून पाय घासत प्रियू आली. गालावर चटईची नक्षी उठलेली. पाच वर्षांची आहे, पण झोपेतून उठली की दीड वर्षाची होते, मांडीत शिरते, मान माझ्या दंडाखाली खुपसते. तिच्या केसांना झोपेचा आणि कारखान्याच्या मळीचा असा मिळून वास येतो. या दिवसांत सगळ्याच कॉलनीला तो येतो, पण तिच्या डोक्याला आला की मला तो गोड वाटतो. मी वही मिटली. ती थोड्या वेळानं सावध झाली आणि तिच्या प्लास्टिकच्या कपबशा घेऊन बसली. बाहुलीला भिंतीला टेकवलं, ससा समोर. पाच दिवस तिचा हाच खेळ आहे, पाहुणे-पाहुणे. बाहुलीपुढं झाकणाचा ट्रे धरून ती अगदी माझा आवाज काढून म्हणाली, ‘मी बरोबर समजले ना?’ आणि सशाला खाली पाडलं. मधल्या खोलीत आईंना ठसका लागल्यासारखं झालं. हसल्या की काय ते मला कळलं नाही.

तीनला पाच-सात मिनिटं होती तेव्हा फोन वाजला. या वेळी वाजतच राहिला. दादांनी चष्मा घातला, नाव वाचलं, घसा साफ केला आणि स्पीकर लावला, कारण कानाला लावून त्यांना ऐकू येत नाही. मी प्रियूच्या तोंडावर हात ठेवला. रामप्रसाद काकांनी आधी तब्येत विचारली, मग कारखान्यात गाळपाला, गव्हाणीला, ऊस किती लागलाय ते विचारलं. दादांनी सगळ्याची उत्तरं दिली. मग काका म्हणाले, ‘तुमच्या सूनबाईनं त्या दिवशी विचारलं ते लई चांगलं केलं, मच्छिंद्रराव. आमचं पन बोलनं झालं न्हवतं. पोरगं म्हनत व्हतं नंतर पाहू, नंतर पाहू. म्हनलं न्हाई, आता इषय निघालाच हाये तर साफ करून टाकू. नोकरी करायची न्हाई. हे पक्कं. बाकी पोरगी आमाला बिलकुल पसंत हाये, तुमी तारीख काढा.’ एक ट्रक हॉर्न देत त्यांच्या फोनमधून गेला. दादा म्हणाले, ‘तुमचा शब्द तो आमचा शब्द.’

फोन ठेवल्यावर दादांचा चेहरा पाच दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. ते स्वयंपाकघराच्या दारात आले. ते सहसा या दारात येत नाहीत. मी पदर सावरून उभी राहिले, प्रियू माझ्या पायाला धरून. त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं, ‘मला वाटलं व्हतं बिघडलं. पर तुझ्यामुळं काम जल्दी झालं, पोरी. मागून कटकट नको आता.’ आणि वहीकडं बोट करून म्हणाले, ‘कामाचा हाये तुझा कोर्स. उद्या जा बिनधास्त. प्रियूला मी सांभाळतो.’ वर्षभर मी ज्या होकाराची वाट पाहत होते तो हा. पुरा, स्पष्ट, सगळ्यांसमोर. आणि माझ्या कानांत काकांचं वाक्य होतं. पोरगं म्हनत व्हतं नंतर पाहू. म्हणजे तिकडंही एक ‘बघू’ होता. हरिओमनं तो साक्षीताईसाठी ठेवला होता की स्वतःच्या सोयीसाठी, कोण जाणे, पण होता, आणि मी स्वच्छ आवाजात तो बंद करून आले. आईंनी सोललेल्या लसणाची वाटी ओट्यावर आणून ठेवली. त्यांनी माझ्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

साडेचारला जीप चौकात थांबल्याचा आवाज आला. साक्षीताई आत यायच्या आधीच दादांनी ओसरीतून सगळं सांगितलं, आनंदानं, क्रमानं, काकांच्या शब्दांसकट. मी चहा टाकला होता, तो उतू जाऊ नये म्हणून त्याच्याकडंच बघत होते. ती ‘बरं’ म्हणाली. एवढंच ऐकू आलं. मग मोरीत पाय धुतल्याचं पाणी, मग टॉवेल झटकल्याचा आवाज. मला जाऊन काहीतरी बोलायचं होतं. मॅडमनी वाक्यं दिली आहेत अशा वेळेची, ती मला पाठ आहेत. तुम्हाला आत्ता कसं वाटतंय ते मला समजून घ्यायचं आहे. मी ते मनात म्हणून पाहिलं आणि मला स्वतःची शिसारी आली. ती स्वयंपाकघरात आली, पांढऱ्या युनिफॉर्मवरच, खिशाला दोन पेनं लावलेली. कप उचलला. चटईवर माझी वही पडली होती, तिच्याकडं पाहिलं. बैठकीच्या आदल्या दिवशी, भांडी घासताना, मीच तिला त्या वीस गुणांचं सांगितलं होतं, हसत हसत. ती रागावली नाही. तिचा आवाज दवाखान्यात पेशंटशी बोलते तसाच होता. ‘झाली का वही भरून, वैनी?’

मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. डोळे, भुवया, मान. तिथं काहीही नव्हतं, म्हणजे माझ्यासाठी काही नव्हतं. मी ‘ताई’ म्हणाले. ती चहा घेऊन मधल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं, लावलं नाही, नुसतं लोटलं. सोमेश्वर कामावर, दादा तारखेसाठी भटजींकडं निघालेले, आई देवापाशी वाती वळत. भोंगा झाला. मी चटईवर बसले आणि प्रियू माझ्यासमोर मांडी घालून बसली. ती आत्याच्या दाराकडं बघत होती. मग हळूच विचारलं, आत्या आता दवाखान्यात जाणार नाही? मी म्हणाले, लग्न झाल्यावर नाही. तिनं खूप विचार केला. तिला हल्ली बोटं मोजायचा नाद लागलाय. तिनं डावा हात पसरला आणि उजव्या हातानं एकेक बोट धरून मिटायला लागली, ओठ हलवत, बालवाडीत शिकवतात तसं.

‘काकांनी आजोबांला विचारलं,’ ती म्हणाली. ‘आजोबांनी काकांला विचारलं. तू पन काकांला विचारलं.’ तीन बोटं मिटली होती. चौथं तिनं धरून ठेवलं आणि माझ्याकडं मान वर केली.

‘मंग मम्मी, आत्याला कुनी विचारलं?’